एका वर्षाचे अध्यक्षपद

जी-२० या राष्ट्रगटाचे अध्यक्षपद दरवर्षी फिरते. १ डिसेंबर २०२२ ते ३० नोव्हेंबर २०२३ या काळात ते भारताकडे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये गटाच्या महिला-शाखेची पहिली बैठक छत्रपती संभाजीनगरात भरली. आम्ही वैजापूरकर अवर्षण आणि कर्ज जाणतो. म्हणून त्या वर्षाची पारख आम्ही ऋणाच्या मापानेच करतो.

काळ बिकट होता. झांबियाने २०२० मध्ये, तर श्रीलंकेने २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवली होती. भारताच्या सहअध्यक्षतेखाली धनको व ऋणको देशांची गोलमेज परिषद सुरू झाली. जून २०२३ मध्ये झांबियाच्या ६.३ अब्ज डॉलर कर्जाची पुनर्रचना मान्य झाली; परंतु त्यासाठी अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मुदतवाढ म्हणजे ऋणमुक्ती नव्हे, हे आमचा शेतकरी सांगेल.

लेवीय ग्रंथातील योबेल वर्ष गहाण पडलेल्याला त्याची जमीन परत देते. त्याच्याच आधारे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये गरीब राष्ट्रांचे कर्ज हलके करण्याचे आवाहन केले होते.

९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत आफ्रिकी संघाला कायम सदस्यत्व मिळाले. दरिद्री बांधवाला पंक्तीत बसवले, हे भारताचे श्रेय निर्विवाद होय. त्याच्या डोक्यावरचे ओझे मात्र उतरले नाही.