एका मृत्युपत्राची हकीकत

न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय म्हटले की दारातले दोन दगडी सिंह डोळ्यांसमोर येतात. परंतु इमारतीची कोनशिला बसण्यापूर्वी सोळा वर्षे हे ग्रंथालय कोर्ट, विधिमंडळ आणि महापौर यांच्या दारांत ताटकळत होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

सॅम्युअल टिल्डेन हे नामांकित वकील, न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर. १८७६ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जनतेची अधिक मते मिळवूनही निर्वाचकांच्या एका मताने ते हरले. पुढे १८८६ मध्ये वारले. अविवाहित होते, संपत्तीचा मोठा हिस्सा त्यांनी शहरात मोफत ग्रंथालय काढण्यासाठी ठेवला. पुतण्यांनी दावा लावला. मृत्युपत्रात व्यवस्थापकांना एक मुभा होती : योग्य वाटल्यास रक्कम ग्रंथालयाच्या ट्रस्टला द्यावी, अन्यथा दुसऱ्या लोकोपयोगी कार्याला. ही मुभाच नडली. लाभ नेमका कोणाला हे निश्चित नाही, सबब तरतूद रद्द, असा निकाल राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने १८९१ मध्ये दिला. एवढ्या मोठ्या वकिलाच्या मृत्युपत्राची ही गत! ट्रस्टचे कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना यातील मर्म वेगळे सांगायला नको.

सुदैवाने निकालापूर्वीच विश्वस्तांनी टिल्डेन यांच्या बहिणीच्या नातीशी तडजोड केली होती. म्हणून सुमारे २० लाख डॉलर तरी वाचले. निकालाने लोकांत हळहळ झाली आणि १८९३ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला. लाभार्थी अनिश्चित आहेत एवढ्याच कारणाने धर्मादाय देणगी यापुढे रद्द होणार नव्हती. टिल्डेन यांच्या गेलेल्या पैशाला त्याचा उपयोग नव्हता. नंतरच्या दात्यांना झाला.

उरलेल्या रकमेत इमारतही हवी आणि पुस्तकेही, हे जमण्यासारखे नव्हते. शहरात अ‍ॅस्टर आणि लेनॉक्स ही दोन ग्रंथालये होती. तेथे मोलाचे ग्रंथ होते, पण पुस्तक घरी मिळत नसे आणि दोन्हींना पैशाची चणचण होती. २३ मे १८९५ रोजी तिन्ही संस्था एक झाल्या. टिल्डेन यांचे स्नेही जॉन बिगेलो अध्यक्ष झाले. इमारत शहराने बांधावी, पुस्तके आणि कारभार विश्वस्तांचा, असे ठरले. क्रोटन जलाशयाची जागा मिळावी म्हणून त्यांनी महापौर स्ट्राँग यांना साकडे घातले आणि १८९७ मध्ये विधिमंडळाची परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी टॅमनी गटाचा महापौर आला आणि काम रेंगाळले. कोनशिला बसली ती १९०२ मध्ये. खर्च ९० लाख डॉलरच्या घरात गेला.

२३ मे १९११ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत उद्‌घाटन झाले, तेव्हा बिगेलो ९३ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी दारे सर्वांना उघडली. पहिले पुस्तक मागितले गेले ते रशियन भाषेतले, नीत्शे आणि टॉलस्टॉय यांच्या विचारांवरचे. ते काही मिनिटांतच वाचकाच्या हाती पडले.