रेडिओची लाकडी पेटी

रेडिओची लाकडी पेटी : व्हॉल्व्हवर, म्हणजे निर्वात काचनळ्यांवर, चालणारा रेडिओसंच व त्याचा ध्वनिक्षेपक ज्यात बसवीत ते लाकडी आवरण. ट्रान्झिस्टर रूढ होण्यापूर्वीच्या चार दशकांतील अशा पेट्या आज संग्राह्य मानल्या जातात.

१९२०च्या दशकारंभी रेडिओ हे हौशी प्रयोगकर्त्याचे यंत्र होते. फळीवर मांडलेले उघडे भाग, शेजारी विजेऱ्या आणि वेगळा कर्णा, असा तो पसारा असे. १९२७च्या सुमारास घरगुती विजेवर चालणारे संच रुळू लागले, ध्वनिक्षेपकही आत आला आणि दिवाणखान्यात शिरलेल्या यंत्राला फर्निचरचे रूप घेणे भाग पडले. अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९३०मध्ये काढलेला कमानदार माथ्याचा ‘मॉडेल २०’ मंदीच्या काळात, जमिनीवर ठेवायचे महागडे संच परवडेनासे झाले असताना, लोकप्रिय झाला. चर्चच्या खिडकीची आठवण करून देणाऱ्या या घाटाला ‘कॅथीड्रल’ म्हणतात. असा बाक प्लायवुडमुळे शक्य झाला. लाकडाचे पातळ पापुद्रे रेषा आडव्या-उभ्या ठेवून चिकटवीत, साच्यात दाबून वाकवीत आणि वर अक्रोड किंवा महोगनीचे व्हिनीअर, म्हणजे शोभेचा पापुद्रा, चढवीत. ब्रिटनमध्ये मर्फी कंपनीसाठी आर. डी. रसेल यांनी आखलेल्या पेट्यांत कोरीवकामाला फाटा देऊन केवळ प्रमाणबद्धता व लाकडाची रेषा यांवर भर दिला. घडणीच्या दृष्टीने त्या कॅथीड्रलपेक्षा सरस ठरतात.

पेटी केवळ शोभेची नव्हती. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची विरळ होते, आणि मंद्र स्वरांच्या पुढील व मागील लहरी एकत्र येऊन परस्परांना मारतात. पेटीच्या भिंती त्यांच्यातील वाट लांबवून खर्ज टिकवतात. व्हॉल्व्हची उष्णता निघून जावी म्हणून पाठ सच्छिद्र ठेवीत. लाकूडही थोडे कंप पावे, आणि मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात तार स्वर मुळातच दबत असल्याने आवाज भरदार वाटे. काटेकोर अर्थाने ही विकृतीच. रसिकांना मात्र तिचीच ओढ असते.

बेकलाइट या साच्यात दाबून घडवता येणाऱ्या प्लॅस्टिकने लाकडाला आव्हान दिले. वेल्स कोट्स यांचा १९३४चा गोलाकार ‘एक्को एडी-६५’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तरीही ग्रुंडिग, साबा आदी जर्मन कंपन्यांनी १९५०च्या दशकात झळझळीत पॉलिशच्या मोठ्या पेट्या काढल्या. १९५४मध्ये अमेरिकेत खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला आणि पेटीची गरजच हळूहळू संपली.

महाराष्ट्रात मर्फीचे संच ठाण्याच्या कारखान्यात तयार होत. उंच फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली रेडिओ ठेवण्याची रीत होती. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या पेट्या आजही दिसतात. पावसाळी दमटपणाने सरस सुटून व्हिनीअर फुगणे आणि कीड लागणे हे त्यांचे नेहमीचे दोष. पॉलिश खरवडून नवी चकाकी दिलेल्या पेटीपेक्षा मूळ पॉलिश, जाळीचे कापड व डायलची काच शाबूत असलेली पेटी अधिक मोलाची असते. एसी व डीसी अशा दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या पुष्कळ संचांत धातूचा सांगाडा थेट विजेला जोडलेला असल्याने लाकडी पेटी हेच वापरणाऱ्याचे संरक्षण होते. म्हणून असा संच पाठ काढून कधीही चालू करू नये.