घरे, नकाशे व हरकती : नाशिक नगरीच्या वाढीचा वृत्तांत

महोत्सवाच्या अंकात मंदिराच्या पायाभरणीचा, होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा व धर्मभगिनींच्या सेवेचा वृत्तांत यावा हे योग्यच होय. परंतु मंदिराभोवती ज्या घरांत भाविक राहतात ती घरे कोणाच्या ठरावाने उभी राहिली, कोणाच्या शेतावर उभी राहिली, आणि ठराव होताना सामान्य रहिवाशास कोणी विचारले काय, याचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. तो येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

नाशिकास नगरपालिका मिळाली ती 1864 साली. त्या काळी शहर म्हणजे गोदेकाठचे वाडे व पेठा, आणि पलीकडच्या तीरी पंचवटी. शहराबाहेर ख्रिस्ती लोकांची वसाहत प्रथम झाली ती शरणपूर येथे. ती प्रॉटेस्टंट चर्च मिशनरी सोसायटीची. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस तेथे आसरा व शिक्षण मिळाले. आज शरणपूर रोड हा शहरातील अत्यंत महागड्या भागांपैकी एक आहे. निराश्रितांसाठी वसलेल्या गावाच्या नावाच्या रस्त्यावर गरिबास एक खोलीही घेणे परवडू नये, हा काळाचा विनोद म्हणावयाचा!

पुढे विसाव्या शतकात नाशिक रोडास नोटा व टपाल तिकिटे छापणारे सरकारी कारखाने आले. त्यांनी आपल्या कामगारांसाठी चाळी व क्वार्टर्स बांधली. नोकरी होती तोवर घर होते; निवृत्तीबरोबर किल्ली परत करावी लागे. 1960 नंतर सातपूर व त्यामागून अंबड येथे औद्योगिक वसाहती झाल्या, आणि खेड्यापाड्यांतून कामगारांचा ओघ सुरू झाला. त्यांत अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील कॅथलिक कुटुंबेही आली. त्यांच्या आजे-पणज्यांस येशूसंघीय धर्मगुरूंनी श्रद्धेची दीक्षा दिली होती. नातवंडांस मात्र डोक्यावर छप्पर शोधणे भाग पडले. कारखान्यात काम मिळे, घर मिळत नसे.

या टंचाईवर सरकारने उपाय योजिला तो सिडकोचा. 1970 साली स्थापन झालेल्या या मंडळाने त्याच दशकात नवीन नाशिकची उभारणी हाती घेतली. मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड इत्यादी गावांची शेतजमीन संपादन करून एकामागून एक सहा योजना उभ्या केल्या. लहान लहान घरे, अरुंद रस्ते, पुढे हातभर अंगण. ज्यास घर मिळाले त्याने देवाचे आभार मानले. ज्याची जमीन गेली त्याच्या मनातील सल पिढ्यान् पिढ्या राहिला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीचे वर्णन करताना दुसरी विसरणे न्याय्य नव्हे. कुटुंब वाढले तशी माणसांनी अंगणात खोली काढली, वर मजला चढविला; मग ही वाढीव बांधकामे अनधिकृत ठरून नोटिसा येऊ लागल्या. मंडळाचे नाव मात्र वस्तीलाच चिकटले. आजही तेथील रहिवासी ‘मी सिडकोत राहतो’ असेच सांगतो.

7 नोव्हेंबर 1982 रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक, नाशिक रोड-देवळाली व सातपूर येथील नगरपालिका आणि भोवतालची खेडी तीत विलीन झाली. परंतु पहिली निवडणूक झाली ती 1992 साली. मधली दहा वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. शहराचा पहिला विकास आराखडा 1993 साली मंजूर झाला. म्हणजे पुढील वीस वर्षे कोठे रस्ता, कोठे शाळा, कोठे दफनभूमी व कोठे घरे, याचा बहुतेक विचार लोकप्रतिनिधी सभागृहात येण्यापूर्वीच होऊन गेला होता.

येथे कायद्याविषयी दोन शब्द. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, व ठरावीक मुदतीत कोणासही हरकत नोंदविता येते. हरकतीवर समितीपुढे सुनावणी होते. लहान माणसास नकाशाच्या खोलीत शिरण्याचे हे एकच दार आहे. ते फार रुंद नाही, पण आहे.

2013 साली आराखड्याच्या फेररचनेचा मसुदा महासभेपुढे आला, तेव्हा शहरात मोठा क्षोभ उसळला. धनवंतांच्या जमिनी वगळून अल्पभूधारकांच्या शेतांवर आरक्षणे टाकिली, असा शेतकऱ्यांचा आक्षेप होता. एरवी पक्षापक्षांत विभागलेल्या महासभेने तो मसुदाच नाकारिला. शासनाने नवीन अधिकारी नेमून काम पुन्हा करविले. दुसरा मसुदा 2015 साली प्रसिद्ध झाला, हरकती ऐकिल्या गेल्या, आणि 2017 च्या आरंभी आराखडा मंजूर झाला. विलंब झाला, हे खरे. तथापि ज्याचे एकुलते शेत आरक्षणातून सुटले, त्यास त्या विलंबाचे मोल विचारावे.

त्याच सुमारास ‘कपाटां’चा प्रश्न उद्भवला. भिंतीतील कपाटासाठी सोडलेली जागा बिल्डरांनी खोलीत मिळविली होती. ती चटईक्षेत्रात धरावी असे महापालिकेने म्हणताच हजारो सदनिकांचे पूर्णत्वाचे दाखले अडले. चूक करणारा पैसे घेऊन मोकळा, आणि कर्जाचे हप्ते भरणारा दाखल्यावाचून ताटकळत! नऊ मीटरहून अरुंद रस्त्यांवरील इमारतींस वाढीव चटईक्षेत्र मिळेना, म्हणून त्यांची अडचण अधिक काळ राहिली.

याच सिडकोशी आपल्या कॅथलिक बांधवांचा मोठा सामना झाला तो वसईत. तेथे 1990 साली सिडकोस नियोजनाचे अधिकार मिळाले. बागायती, विहिरी व शेते इमारतींखाली जाणार या भयाने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असलेल्या या धर्मगुरूच्या पाठीशी ख्रिस्तीच नव्हे, तर हिंदू शेतकरीही उभे राहिले. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा खेड्यांनी पुन्हा विरोध केला. 2011 साली शासनाने 29 गावे वगळण्याचे ठरविले, प्रकरण न्यायालयात रेंगाळले, आणि 2024 साली शासनाने तो निर्णय फिरविला. फादर दिब्रिटो त्याच वर्षी, जुलै महिन्यात, प्रभुचरणी विलीन झाले.

नाशिकात आणखी एक मोठा वाद झाला तो मखमलाबाद व हनुमानवाडी शिवाराचा. स्मार्ट सिटी योजनेत तेथील शेते एकत्र करून नवी नगररचना करावयाची व मूळ मालकास सुमारे निम्मी जमीन भूखंडरूपाने परत द्यावयाची, असे घाटत होते. 2019 साली महासभेने त्यास अनुकूलता दर्शविली. काही शेतकरी राजी होते, पुष्कळ नव्हते. बैठका झाल्या, अर्ज गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. योजना अखेर मागे पडली.