पस्तीसचा उंबरठा : एंडोमेट्रिओसिसच्या रक्तखुणेचा शोध

१/ पाळीचे चार दिवस अंथरुणावर जातात, आणि रक्ततपासणीचा कागद मात्र ‘नॉर्मल’ म्हणतो. एंडोमेट्रिओसिसच्या अनेक रुग्णांच्या वाट्याला आलेला हा कागद मुळात वेगळ्याच आजारासाठी तयार झाला होता. त्याचा हा इतिहास.

२/ गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर किंवा ओटीपोटाच्या आवरणावर वाढते, तो हा आजार. अमेरिकेतील ऑल्बनीचे डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये अंडाशयातील ‘चॉकलेट सिस्ट’चे सविस्तर वर्णन केले. त्यांना आजार दिसला तो पोट उघडल्यावर. पुढे दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, छेद लहान झाला. तरी खात्रीच्या निदानासाठी भूल आणि छेद अटळच राहिले.

३/ १९८१ मध्ये बोस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगपेशी ओळखणारा ‘ओसी-१२५’ हा प्रतिपिंड तयार केला. त्याने हेरलेले प्रथिन म्हणजे ‘सीए-१२५’. १९८३ च्या अभ्यासात या कर्करोगाच्या ८२ टक्के रुग्णांत त्याचे प्रमाण प्रतिमिलिलिटर ३५ युनिटांहून अधिक आढळले. निरोगी व्यक्तींत अवघ्या एक टक्क्यात. ३५ हा उंबरठा रूढ झाला, तो असा.

४/ १९८६ मध्ये रॉबर्ट बार्बिएरी व सहकाऱ्यांनी दाखवले की, एंडोमेट्रिओसिस बळावलेल्या स्त्रियांतही सीए-१२५ वाढते. आशा पालवली. पण हेच प्रथिन पाळीत, गर्भारपणात आणि ओटीपोटाच्या सुजेतही वाढते. शिवाय सौम्य आजारात ते अनेकदा वाढतच नाही.

५/ उपचारांवर देखरेख ठेवण्यासाठीही ते वापरून पाहिले गेले. शस्त्रक्रियेनंतर आकडा उतरू शकतो. परंतु उतरलेला आकडा म्हणजे थांबलेली वेदना नव्हे.

६/ २०१६ मध्ये दोन आढावे आले. पहिल्यात सीए-१२५ ची परीक्षा झाली. ३० युनिटांचा उंबरठा धरला, तरी ही तपासणी आजार असलेल्या सुमारे ५२ टक्के स्त्रियांनाच ओळखते. उरलेल्या जवळपास निम्म्या जणींच्या हाती ‘नॉर्मल’ कागद पडतो. दुसऱ्यात, कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात, १४१ अभ्यास आणि रक्तातील १२२ जैवसूचक तपासले गेले. संशोधनाबाहेर, रोजच्या निदानासाठी वापरावा असा एकही हाती लागला नाही.

७/ २०२२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी लाळेतील १०९ सूक्ष्म-आरएनएंवर आधारलेली चाचणी २०० स्त्रियांच्या अभ्यासातून मांडली. जानेवारी २०२४ मध्ये तेथील आरोग्य प्राधिकरणाने पुढील अभ्यासाच्या अटीवर तिच्या मर्यादित वापरास अनुकूल मत दिले. शोध अजून चालू आहे.

८/ मात्र खरा बदल वेगळ्याच दिशेने आला. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी निदानासाठी जैवसूचक वापरू नयेत असे सांगितले. आणि प्रत्येक रुग्णाला आधी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला सामोरे जाण्याची गरजही मागे घेतली. लक्षणे ऐकून, तपासून, सोनोग्राफी किंवा एमआरआय पाहून उपचार सुरू करता येतात. आणि चित्रात काही दिसले नाही, तरी आजार नाही असे समजू नये, हेही त्यांत नमूद आहे. सॅम्पसननंतर शंभर वर्षांनी रुग्णाच्या सांगण्याला निदानात असे अधिकृत स्थान मिळाले.