फुकुशिमा: विटाळ कुणाला, गुन्हा कुणाचा?

११ मार्च २०११. जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामीचे पाणी फुकुशिमा दाइची अणुवीज प्रकल्पात घुसले, वीज गेली, अणुभट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा थांबली. तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. दीड लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. एवढे सर्वांना ठाऊक आहे. त्या लोकांना पुढे समाजाने कसे वागवले, हे मात्र आपण वाचत नाही.

काही ठिकाणी त्यांच्याकडे किरणोत्सर्ग तपासणीचा दाखला मागितला गेला. योकोहामाच्या शाळेत फुकुशिमाहून आलेल्या एका मुलाला वर्गमित्र 'जंतू' म्हणत, त्याच्याकडून पैसे उकळत. २०१६ मध्ये हे प्रकरण देशभर गाजले. किरणोत्सर्ग हा काही संसर्गजन्य रोग नाही. अंगावर बसलेली दूषित धूळ धुऊन काढता येते. पण मनात बसलेला विटाळ धुणार कोण?

जपानला हे नवे नव्हते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना 'हिबाकुशा' म्हणतात. त्यांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, लग्ने मोडली. अनेकांनी आयुष्यभर आपली ओळख लपवली. त्यांच्या मुलांवर अनेक दशके संशोधन झाले. आनुवंशिक विकार वाढल्याचे त्यात आढळलेले नाही. तरीही संशय पुढच्या पिढीला चिकटला.

इथे बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' (१९४८) हा ग्रंथ आठवतो. जन्म-मृत्यूचा तात्पुरता विटाळ अनेक समाजांत होता, शुद्धीनंतर तो संपत असे. हिंदूंची अस्पृश्यता मात्र कायमची आणि वंशपरंपरेने चालणारी आहे, हा भेद त्यांनी तिथे दाखवला. हिबाकुशांवरचा कलंक म्हणजे जातिव्यवस्था नव्हे. त्यामागे धर्मशास्त्र नाही, एका घटनेची भीती आहे. पण विटाळ बापाकडून मुलाकडे जाऊ लागला की तो कोणत्या दिशेने निघाला आहे, हे आपल्याइतके कोण ओळखणार? ज्या जपानने बुराकू समाजाला चामड्याच्या कामावरून शतकानुशतके अपवित्र ठरवले आणि १८७१ च्या सरकारी आदेशानंतरही भेदभाव सोडला नाही, त्या जपानमध्ये ही सवय जुनीच होती.

आता गुन्हा कुणाचा ते पाहू. २०१२ मध्ये जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने हा अपघात मानवनिर्मित ठरवला. टेपको कंपनी, सरकार आणि नियामक यंत्रणा यांचे साटेलोटे त्याने उघड केले. म्हणजे दोष कंपनीचा आणि सरकारचा, दाखला मात्र पीडितांनी दाखवायचा! अर्थात सगळा जपान असा वागला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये टोकियोत हजारो लोक अणुऊर्जेविरुद्ध रस्त्यावर उतरले, त्यात फुकुशिमाचे लोकही होते. त्यांनी भीतीचे रूपांतर प्रश्नात केले आणि तो प्रश्न सत्तेला विचारला.

मित्रांनो, हा धडा आपल्यासाठीही आहे. एप्रिल २०११ मध्ये रत्नागिरीत जैतापूर प्रकल्पाविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला, एक आंदोलक मारला गेला. लोकांची भीती अडाणीपणाची आहे, असे म्हणणाऱ्यांना फुकुशिमा हेच उत्तर आहे. पण अणुप्रकल्पाला विरोध करताना आपल्या पोस्टरवर व्यंग असलेल्या बाळांची चित्रे आणि 'शापित पिढी' असली भाषा येत असेल, तर आपणही नवा विटाळ पेरतो आहोत. किरणोत्सर्ग मोजायला यंत्र आहे. माणसाला माणूस मानायला यंत्र लागत नाही.

जय भीम!