लॉबिस्ट : अमेरिकेतील व्यवसायप्रवेश

एखाद्या उद्योगाच्या, संघटनेच्या किंवा समाजगटाच्या वतीने, मोबदला घेऊन, कायदेमंडळाच्या व प्रशासनाच्या निर्णयांवर प्रभाव पाडण्याचे काम करणाऱ्या व्यक्तीस लॉबिस्ट म्हणतात. सभागृहालगतच्या ज्या दालनात सदस्यांना गाठून गाऱ्हाणे मांडता येई, त्या ‘लॉबी’वरून ही संज्ञा आली. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात गाठणाऱ्यांमुळे ती रूढ झाली ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नव्हे, कारण ग्रँट १८६९ मध्ये अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द अमेरिकी राजकारणात वापरात होता.

अमेरिकेत या व्यवसायास पदवी, परीक्षा किंवा परवाना लागत नाही. शासनाकडे दाद मागण्याचा हक्क राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनेच दिलेला असल्याने कायदा मज्जाव न करता केवळ प्रकटनाचा आग्रह धरतो. १९९५ च्या लॉबिंग प्रकटन कायद्यानुसार, जो कायदेमंडळाशी वा प्रशासनाशी एकाहून अधिक वेळा संपर्क साधतो आणि तीन महिन्यांत एखाद्या ग्राहकासाठी केलेल्या कामाचा किमान २० टक्के वेळ लॉबिंगला देतो, त्याची नोंदणी, मोबदल्याची ठरावीक मर्यादा ओलांडल्यास, ४५ दिवसांत करावी लागते व पुढे दर तिमाहीस विवरण द्यावे लागते.

प्रवेशाचा खरा मार्ग काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी कायदेमंडळाच्या, सदस्यांच्या कार्यालयांतून जातो. तेथे प्रशिक्षणार्थी किंवा कनिष्ठ साहाय्यक म्हणून लागलेला तरुण मतदारांची पत्रे हाताळतो, पुढे विधेयकांवर टिपणे लिहितो आणि एखादे विधेयक कोणत्या समितीत, कोणत्या कलमापाशी, कोणाच्या शब्दाखातर अडते हे शिकतो. हेच ज्ञान त्याचे भांडवल होय. प्रशिक्षणार्थींच्या वेतनासाठी काँग्रेसने २०१८ मध्ये तरतूद करेपर्यंत अनेकांना ही कामे विनावेतन करावी लागत, त्यामुळे घरची ऐपत नसलेल्यांस हे दार पहिल्याच पायरीशी बंद होत असे, आणि हा अन्याय किरकोळ नव्हता.

विरोधकाचे मन वळवणे हे लॉबिस्टचे मुख्य काम, असा नवख्यांचा समज असतो. हॉल व डिअरडॉर्फ या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मात्र लॉबिस्ट बहुधा आपल्याशी आधीच सहमत असलेल्या सदस्यांनाच माहिती, मसुदे आणि श्रम पुरवून त्यांचे हात बळकट करतो. अर्थात ओळखींचे मोलही नाकारता येत नाही : २०१२ च्या एका अभ्यासात, ज्या सिनेटरच्या कार्यालयात लॉबिस्टने पूर्वी नोकरी केली तो पदावरून गेल्यावर लॉबिस्टच्या उत्पन्नात सरासरी २४ टक्के घट आढळली. सरकारी सेवा आणि लॉबिंग यांच्यात होणाऱ्या या ये-जेस ‘फिरते दार’ म्हणतात. जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टच्या लाचखोरी प्रकरणानंतर, २००७ च्या कायद्याने माजी सिनेटरांना लॉबिंग करण्यास दोन वर्षांची बंदी घातली; प्रतिनिधिगृहाच्या माजी सदस्यांस ती एक वर्षाचीच आहे, आणि दारामागून सल्ला देण्यास ती आडवी येत नसल्याने अपुरी ठरते.

अमेरिकेतील लॉबिंगच्या सक्तीच्या प्रकटनाचे पडसाद भारतातही उमटले. वॉलमार्टने भारतातील गुंतवणुकीच्या विषयावर अमेरिकेत लॉबिंग केल्याचे तेथील विवरणांतून दिसल्यावर डिसेंबर २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला व केंद्राने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांच्याकडे चौकशी सोपवली. भारतात लॉबिंगसाठी स्वतंत्र कायदा नाही. ‘धोरण सल्लागार’, ‘शासकीय संपर्क’ अशा नावांखाली हे काम चालते, आणि संसदीय कामकाज आतून शिकू पाहणाऱ्यांसाठी पीआरएस संस्थेची, तरुणांना खासदारांसोबत काम देणारी ‘लॅम्प’ अधिछात्रवृत्ती हा एक उघड मार्ग आहे.