दुधाचा मालक
बदनापूर तालुका पावसावरचा. कापूस, तूर हातची गेली तरी दहा-पंधरा दिवसांनी घरात येतो तो दुधाचा पगार. म्हणून दर कोण ठरवतो, हा इथे पोटाचा प्रश्न. सहकारात उत्पादक सोसायटीचा सभासद, सोसायटी संघाची, वर १९६७चा राज्य महासंघ. कागदोपत्री मालक उत्पादकच. तरीही जुलै २०१८मध्ये राज्यभर दूध रोखले ते संघांनी नव्हे, राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने. मागणी होती लिटरमागे ५ रुपये थेट खात्यात. सरकारने ते दिले संघ-डेअऱ्यांमार्फत, गाईच्या दुधाला २५ रुपये देण्याच्या अटीवर. अर्थात ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ भरले तर. आणि फॅट मोजणारे यंत्र घेणाऱ्याचेच! २०२४मध्ये तो महासंघच राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे चालवायला गेला.